अदृश्य झोतावर पहारा

मांजर्ली हा बदलापूर पश्चिमेचा एक भाग. जवळून रेल्वेचा मार्ग जातो आणि पश्चिमेकडे उल्हास नदी वाहते. इथल्या माणसांना दोन सवयी चांगल्या ठाऊक आहेत.

पहिली सवय बाजारातली. किराणा दुकानात आपण डाळ किंवा तांदूळ घेतो. दुकानदार माल तराजूत टाकतो. हुशार गिऱ्हाईक मात्र माल टाकण्याआधीच रिकाम्या तराजूकडे पाहते. काटा मध्यावर आहे ना? दोन्ही पारडी सारखी आहेत ना? काटा आधीच एका बाजूला झुकलेला असेल, तर पुढचे सारे वजन चुकणार. डाळ चांगली आहे, दुकानदार प्रामाणिक आहे, वजनेही खरी आहेत, तरी हिशेब खोटा ठरणार.

दुसरी सवय पावसाळ्यातली. मुसळधार पाऊस सुरू झाला की लोक नदीच्या पाण्याची चौकशी करू लागतात. पाणी किती चढले? अजून चढते आहे की उतरते आहे? एकदा पाहून कोणी स्वस्थ बसत नाही. रात्रभर पाहावे लागते आणि पातळी वेळेसह लिहून ठेवावी लागते. मगच पाणी कोणत्या वेगाने वाढते आहे हे कळते.

मोजण्याआधी साधन तपासणे ही पहिली सवय. मोजमाप चालू असताना परिस्थितीवर सतत नजर ठेवणे आणि तिची नोंद करणे ही दुसरी सवय. मुलांनो, जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञही हीच दोन कामे करतात. अणूच्या आतील सूक्ष्म कणांचा अभ्यास करताना तर त्यांना याच दोन सवयींचा आधार असतो. कारण ते ज्या वस्तूचा अभ्यास करतात, ती वस्तू डोळ्यांना कधीच दिसत नाही.

हे काम कसे चालते ते पाहण्यासाठी फार दूर जायला नको. बदलापूर स्थानकातून लोकल पकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचे. तेथून पुढे दक्षिणेला कुलाबा. तिथे समुद्राच्या काठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने ही संस्था १९४५ साली स्थापन झाली. या संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांनी मिळून एक मोठे यंत्र उभारले आहे. त्याचे नाव पेलेट्रॉन. ते १९८८ सालच्या अखेरीस सुरू झाले.

पेलेट्रॉन हा एक कणत्वरक आहे. त्वरक म्हणजे वेग वाढवणारा. अणूतील इलेक्ट्रॉनांची संख्या कमी किंवा जास्त झाली, की त्या अणूवर विजेचा भार येतो. अशा भारित अणूला आयन म्हणतात. पेलेट्रॉनमध्ये आयनांना विजेच्या जोराने प्रचंड वेग दिला जातो. मग हे वेगवान आयन एखाद्या पातळ पत्र्यावर आदळवतात. त्या पत्र्याला लक्ष्य म्हणतात. टक्कर झाली की अणूच्या केंद्रात काय घडते, याचा अभ्यास शास्त्रज्ञ करतात.

हे यंत्र उभे असते. त्याची टाकी कित्येक मजली इमारतीएवढी उंच आहे. टाकीच्या मध्यभागी एक धातूचा भाग असतो. तिथे धन विद्युतभार साठवला जातो. हा भार वाहून नेण्यासाठी एक फिरती साखळी असते. साखळीत धातूचे छोटे छोटे तुकडे असतात आणि ते एकमेकांना नायलॉनने जोडलेले असतात. अशा तुकड्यांना पेलेट म्हणतात, म्हणून यंत्राचे नाव पेलेट्रॉन. विहिरीवरच्या रहाटगाडग्यात एकामागून एक पोहरा पाणी वर आणतो. तसा या साखळीचा एकेक तुकडा विद्युतभार आणून मध्यभागी ठेवतो. अशा रीतीने तिथला विद्युतदाब १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत वाढवता येतो. आपल्या घरातील विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. इतक्या दाबाने ठिणगी उडू नये, म्हणून टाकीत सल्फर हेक्साफ्लोराइड नावाचा विद्युतरोधक वायू भरलेला असतो.

आता एका आयनाचा प्रवास पाहू. वरच्या टोकाला ऋण आयन तयार होतात. मध्यभागी धन भार आहे, म्हणून तो ऋण आयनांना स्वतःकडे ओढतो. आयन वेगाने खाली येतात. मध्यभागी पोहोचल्यावर ते कार्बनच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून पार होतात. तिथे त्यांचे बरेचसे इलेक्ट्रॉन गळून पडतात आणि ऋण आयन धन आयन बनतात. आता तोच धन भार त्यांना दूर ढकलतो. म्हणजे आधी ओढ आणि मग धक्का! एकाच विद्युतदाबाचा दोनदा उपयोग होतो.

या युक्तीने किती ऊर्जा मिळते? कार्बनच्या आयनाचे उदाहरण घेऊ. वरून येताना त्यावर एक ऋण भार असतो. मध्यभागी सहाही इलेक्ट्रॉन गेले, तर त्यावर सहा धन भार उरतात. एक आणि सहा मिळून सात. दाब १ कोटी ४० लाख व्होल्ट असेल, तर सात गुणिले १ कोटी ४० लाख, म्हणजे ९ कोटी ८० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा त्या आयनाला मिळते. कणांची ऊर्जा मोजण्याच्या एककाला इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणतात.

असे कोट्यवधी आयन एका नळीतून एकामागून एक धावतात. त्यांच्या या प्रवाहाला झोत म्हणतात. नळीतील हवा पंपाने काढून टाकलेली असते. नाहीतर आयन हवेच्या रेणूंवर आपटून इकडेतिकडे विखुरतील.

झोत दिसत नाही. मग तो योग्य वाटेने चालला आहे, त्याची ऊर्जा ठरवली तेवढीच आहे, हे कसे समजायचे? इथे चुंबक मदतीला येतो. धावणारा भारित कण चुंबकाच्या क्षेत्रात शिरला, की त्याची वाट वाकते. एकाच प्रकारच्या आयनांपैकी वेगवान आयन कमी वाकतात आणि सावकाश जाणारे जास्त वाकतात. पेलेट्रॉनच्या खालच्या टोकाला असा एक मोठा चुंबक आहे. तो झोताला काटकोनात वळवतो. ज्या आयनांची ऊर्जा बरोबर आहे तेच आयन अचूक वळण घेऊन पुढच्या अरुंद फटीतून बाहेर पडतात. बाकीचे फटीच्या कडांवर अडतात. चाळणीतून पीठ निघावे आणि कोंडा मागे राहावा, तसाच हा प्रकार.

या फटीच्या दोन कडा पहारेकऱ्यांचेही काम करतात. मध्यभागाचा विद्युतदाब किंचित वाढला, तर आयनांचा वेग वाढतो, ते कमी वाकतात आणि फटीच्या एका कडेवर जास्त आपटतात. दाब कमी झाला, तर ते दुसऱ्या कडेवर जास्त आपटतात. दोन्ही कडांवरचा विद्युतप्रवाह सतत मोजला जातो. त्यांत फरक पडला, की यंत्र आपोआप दाब पूर्ववत करते. म्हणजे चुंबक सांगेल तसे बाकीचे यंत्र वागते.

पण मग चुंबकच डळमळला तर? पहारेकऱ्यावर पहारा कोणी करायचा?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. चुंबकाचे क्षेत्र हजारात एका भागाने बदलले, तर त्यातून अचूक वळणाऱ्या आयनांची ऊर्जा हजारात दोन भागांनी बदलते. वरच्या उदाहरणातील कार्बनच्या बाबतीत हा फरक सुमारे २ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट होईल. शास्त्रज्ञाच्या वहीत मात्र जुनाच आकडा लिहिलेला राहील. तराजूचा काटा झुकला आणि कोणाला कळलेही नाही, अशी गत होईल. म्हणून चुंबकाचे क्षेत्र एका वेगळ्या, अतिशय अचूक उपकरणाने मोजत राहतात. चुंबकीय क्षेत्रात अणूंची केंद्रे ठरावीक रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. क्षेत्र बदलले, की ती लहरही बदलते. या गुणधर्मावर हे उपकरण चालते. इस्पितळातील एमआरआय तपासणीही याच गुणधर्मावर आधारलेली आहे.

झोतावर पहारा ठेवण्याची आणखीही साधने आहेत. त्यांपैकी एक म्हणजे फॅरेडे कप. हा धातूचा पेला असतो. तो झोताच्या वाटेत आडवा धरला, की सारे आयन त्यात पडतात आणि त्यांचा विद्युतप्रवाह मोजता येतो. प्रवाह अगदी थोडा असतो. तो बहुधा नॅनोअँपिअरमध्ये मोजतात. एक नॅनोअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा अब्जावा भाग. तरीही कार्बनच्या सहा धन भार असलेल्या आयनांचा झोत असेल, तर एका नॅनोअँपिअरमध्ये दर सेकंदाला सुमारे १०४ कोटी आयन असतात. दुसऱ्या एका साधनात एक बारीक तार झोतातून फिरते. झोत कोठे दाट आहे, कोठे विरळ आहे आणि नळीच्या मध्यावर आहे की बाजूला सरकला आहे, हे त्यावरून पडद्यावर दिसते.

झोत मोजला नाही तर काय बिघडते? एक साधे उदाहरण घ्या. समजा, एका तासात आपल्या उपकरणाने ५०० टकरी मोजल्या. पुढच्या तासात ४०० मोजल्या. आपण म्हणू, "वा! निसर्गात काहीतरी नवे घडले." पण नोंदवही उघडली, तर दुसऱ्या तासात झोत एकपंचमांशाने कमी झालेला आढळतो. आयनच कमी आले, म्हणून टकरीही कमी झाल्या. निसर्गात काहीच बदलले नव्हते. झोताची नोंद नसती, तर आपण एक खोटा शोध जगाला सांगितला असता.

म्हणून प्रयोग चालू असताना नियंत्रण कक्ष रात्रंदिवस जागा असतो. माणसे पाळीपाळीने काम करतात. विद्युतदाब किती, चुंबकाचे क्षेत्र किती, झोताचा प्रवाह किती, नळीतील हवा पुरेशी विरळ आहे का, हे सारे वेळेसह नोंदवले जाते. आता पुष्कळ नोंदी संगणक करतो. तरीही पाळीवरचा माणूस पडद्याकडे पाहत असतो. पहाटे दोन वाजता वीस मिनिटे चुंबक डळमळला, तर तो तसे स्पष्ट लिहून ठेवतो. तेवढ्या वेळातील मोजमाप वेगळे काढायचे की दुरुस्त करायचे, ते मागाहून ठरते. पण जे घडले ते लिहिलेच पाहिजे. "थोडेसेच तर हलले, कोणाला कळणार?" असा विचार इथे चालत नाही.

थोडेसे हलण्याला किती अर्थ असू शकतो, याची एक मोठी मनोरंजक हकिकत आहे. ती घडली युरोपात. पण तिच्याशी मुंबईचाही संबंध आहे.

स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, जिनिव्हा शहराजवळ, सर्न ही प्रयोगशाळा आहे. तिथे जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल एक वर्तुळाकार बोगदा आहे. त्याचा घेर जवळपास २७ किलोमीटर आहे. बदलापूरहून रेल्वेने कल्याणला जाऊन परत यावे, साधारण एवढे हे अंतर झाले. या बोगद्यात १९८९ ते २००० या काळात लेप नावाचा त्वरक चालत होता. त्यात इलेक्ट्रॉन आणि त्यांचे धनभारित जुळे भाऊ पॉझिट्रॉन समोरासमोरून येऊन आदळत. या टकरींतून झेड नावाचा कण निर्माण होई. त्या कणाचे वस्तुमान अतिशय अचूक मोजायचे होते. त्या बोगद्यावर चार मोठे प्रयोग चालले होते. त्यांतील एल-३ या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञही सहभागी होते.

झेडचे वस्तुमान हवे असेल, तर झोताची ऊर्जा नेमकी कळायला हवी. आणि ऊर्जा कळायची, तर चुंबकांचे क्षेत्र नेमके कळायला हवे. शास्त्रज्ञ फार काळजीने मोजत होते. तरीही ऊर्जा किंचित कमीजास्त होताना दिसे. यंत्रात दोष सापडेना. मग हा बदल येतो कोठून?

पहिले उत्तर आकाशात सापडले. कुलाब्याच्या किनाऱ्यावर समुद्राला भरती येते आणि ओहोटी लागते, हे तुम्हांला माहीत आहे. चंद्र आणि सूर्य पाण्याला ओढतात. पण ते फक्त पाण्यालाच ओढतात असे नाही. जमिनीलाही ओढतात! जमीन घट्ट असल्यामुळे ती फार थोडी फुगते आणि आपल्याला काहीच जाणवत नाही. परंतु २७ किलोमीटरचा तो बोगदा जमिनीबरोबर किंचित ताणला जाई. त्याचा घेर सुमारे एक मिलिमीटरने बदले. झोताची वाट मात्र तेवढ्याच लांबीची राही. त्यामुळे झोत चुंबकांच्या ठीक मध्यातून न जाता थोडा सरकून जाई आणि त्याची ऊर्जा बदले. १९९२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे चांद्र महिन्याच्या पंधराव्या रात्रीच्या आसपास, शास्त्रज्ञांनी तासन् तास ऊर्जा मोजली. ऊर्जेचा आलेख जमिनीच्या भरती-ओहोटीप्रमाणेच वरखाली झाला. पुढे असेही दिसून आले, की जवळच्या मोठ्या सरोवरातील पाण्याची पातळी बदलली तरी बोगद्याच्या आकारावर परिणाम होतो.

चंद्राचा हिशेब लागला. तरी एक कोडे शिल्लक राहिले.

चुंबकांचे क्षेत्र पाहण्यासाठी तोपर्यंत एक नमुना-चुंबक वापरला जात होता. तो बोगद्याबाहेर एका खोलीत ठेवलेला होता. बोगद्यातील चुंबकांतून जाणारी वीज त्यातूनही जात असे. म्हणून त्यात जे दिसते तेच बोगद्यातही असणार, असे मानले जाई. १९९५ साली बोगद्यातीलच काही चुंबकांत अचूक मापक बसवले. तेव्हा सर्वांना नवल वाटले. खोलीतला चुंबक शांत होता, पण बोगद्यातल्या चुंबकांचे क्षेत्र दिवसभर थरथरत होते. शिवाय ते हळूहळू वाढतही होते. मध्यरात्रीनंतर काही तास सारे शांत होई. पहाट झाली, की थरथर पुन्हा सुरू!

मुलांनो, विचार करा. मध्यरात्रीनंतर काही तास कोण विसावा घेते आणि पहाटे पुन्हा कामाला लागते? रेल्वेमार्गाजवळ राहणाऱ्या मांजर्लीच्या मुलाला हे कोडे चटकन सुटेल. रेल्वेगाडी!

विजेवर चालणाऱ्या गाडीला वरच्या तारेतून वीज मिळते. ती वीज इंजिनातून रुळांत उतरते आणि रुळांवाटे वीजकेंद्राकडे परत जाते. पण सगळीच वीज रुळांतून परत जात नाही. थोडी जमिनीत झिरपते आणि तिला जी सोपी वाट सापडेल तिने जाते. जिनिव्हाजवळून फ्रान्सकडे जाणाऱ्या गाड्यांची वीज अशीच झिरपत होती. त्या विजेला बोगद्यातील धातूची लांबलचक नळी सापडली. ज्या नळीतून झोत धावत होता, त्याच नळीच्या धातूतून गाड्यांची भटकी वीज वाहत होती. तिच्यामुळे नळीभोवतीच्या चुंबकांचे क्षेत्र बदलत होते. खोलीतल्या नमुना-चुंबकात अशी नळी नव्हती, म्हणून तो शांत राहिला.

हा केवळ अंदाज होता. तो पडताळून पाहायला हवा होता. १९९५ सालच्या नोव्हेंबरमध्ये शास्त्रज्ञांनी एकाच वेळी रुळांवरचा विद्युतदाब, बोगद्यातील नळीवरचा विद्युतदाब आणि चुंबकाचे क्षेत्र मोजले. तिन्ही आलेख एकाखाली एक ठेवले. जिनिव्हाहून पॅरिसला जाणारी गाडी सुटली, तेव्हा तिन्ही आलेखांनी एकदमच उसळी घेतली. कोडे सुटले.

मुंबईच्या उपनगरी गाड्यासुद्धा पूर्वी १,५०० व्होल्टच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर धावत. जिनिव्हाजवळच्या त्या फ्रेंच मार्गावरची वीजही तशीच होती. आता आपल्या लोकल गाड्या २५,००० व्होल्टच्या, दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर धावतात.

आता शास्त्रज्ञांनी काय केले? चंद्राला थांबवता येत नाही. एका प्रयोगासाठी देशाची रेल्वेही बंद ठेवता येत नाही. पण किती फरक पडतो हे कळले, की तो हिशेबात धरता येतो. तराजूचे एक पारडे दहा ग्रॅमने जड आहे हे माहीत असेल, तर वजनातून दहा ग्रॅम वजा करता येतात. शास्त्रज्ञांनी तसेच केले. आधीच्या वर्षांत केलेल्या मोजमापांचाही त्यांनी पुन्हा विचार केला. जुन्या नोंदी वेळेसह नीट जपून ठेवल्या होत्या, म्हणूनच हे शक्य झाले. अखेर झेड कणाचे वस्तुमान ९१,१८७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ठरले. त्यातील अनिश्चितता आहे फक्त २.१ दशलक्ष. भरती-ओहोटीमुळे झोताच्या ऊर्जेत पडणारा फरक सुमारे दहा दशलक्षांपर्यंत जाई. म्हणजे चंद्र आणि रेल्वे यांच्याकडे दुर्लक्ष केले असते, तर इतके अचूक उत्तर मिळालेच नसते.

चुंबकांवर नजर ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे सुरक्षितता. लेप बंद झाल्यावर त्याच बोगद्यात लार्ज हेड्रॉन कोलायडर हा आणखी शक्तिमान त्वरक बसवला गेला. त्याचे चुंबक हीलियमच्या साह्याने शून्याखाली सुमारे २७१ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवतात. इतक्या थंडीत त्यांतील तारा विजेला मुळीच विरोध करत नाहीत. पण एखादी जागा किंचित जरी तापली, तरी विरोध एकदम सुरू होतो आणि क्षणात प्रचंड उष्णता निर्माण होते. १० सप्टेंबर २००८ रोजी या यंत्रात प्रथमच झोत पूर्ण फेरी फिरला. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, दोन चुंबकांमधील विजेचा एक सांधा निकामी झाला. ठिणगी पडली, हीलियम बाहेर फुटला आणि पन्नासहून अधिक चुंबक दुरुस्तीसाठी किंवा बदलण्यासाठी बोगद्याबाहेर काढावे लागले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. त्यानंतर सांध्यांवर बारकाईने लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवण्यात आली. भारताचाही या यंत्राला हातभार लागला आहे. चुंबक नेमक्या जागी बसवण्यासाठी लागणारे हजारो जॅक भारतातून गेले. चुंबक अचानक तापू लागल्यास त्याचे रक्षण करणाऱ्या यंत्रणेचे काही भागही भारतात तयार झाले.

कुलाब्याचा पेलेट्रॉनही जुन्या रूपातच थांबलेला नाही. त्याच्या झोताला आणखी वेग देणारा एक पुढचा टप्पा त्याला जोडण्यात आला. तो नोव्हेंबर २००७ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. यंत्र वाढले, तसा पहाराही वाढला.

मोठ्या शोधांच्या बातम्या आपण वाचतो. त्यांत शास्त्रज्ञांची नावे असतात, नव्या कणांची नावे असतात. रात्रीच्या पाळीत जागून दर तासाला चुंबकाचे क्षेत्र लिहिणाऱ्या माणसाचे नाव त्यांत नसते. पण त्याच्या नोंदीवाचून त्या शोधावर कोणी विश्वास ठेवला नसता.

पुढच्या वेळी शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही लंबकाचा प्रयोग कराल, तेव्हा आधी पंखा चालू आहे का ते पाहा. तापमापी वापरण्यापूर्वी तिचा पारा कोठे आहे ते वाचा. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर आकडा खोडून दुसरा लिहू नका. त्या वेळी काय काय घडत होते ते वहीत लिहा. कदाचित जवळून एखादी गाडी गेली असेल.

शब्दार्थ

गिऱ्हाईक – माल विकत घेणारा
झोत – एकाच दिशेने जाणारा जोरदार प्रवाह
पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे
पापुद्रा – अतिशय पातळ थर
विरळ – दाट नसलेला
डळमळणे – स्थिर न राहणे
पाळी – कामाची ठरलेली वेळ
हकिकत – घडलेली गोष्ट
पडताळून पाहणे – खरे आहे का ते तपासणे
सांधा – दोन भाग जोडलेली जागा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पेलेट्रॉन हे नाव कशावरून पडले?
(आ) फॅरेडे कपाने काय मोजतात?
(इ) लेप हा त्वरक कोणत्या काळात चालत होता?

२. कारणे लिहा.
(अ) झोताच्या नळीतील हवा काढून टाकतात.
(आ) खोलीतला नमुना-चुंबक शांत होता, पण बोगद्यातील चुंबक थरथरत होते.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दुसऱ्या तासात टकरी कमी का झाल्या? झोताची नोंद नसती तर काय झाले असते?
(आ) चंद्र आणि रेल्वे यांना थांबवता येत नव्हते. मग शास्त्रज्ञांनी काय केले?

४. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द पाठातून शोधून लिहा.
भरती, दाट, धन, खरा

५. उपक्रम
आठ दिवस रोज सकाळी आणि दुपारी एकाच जागेचे तापमान मोजा. वेळ, ऊन, वारा, पाऊस यांची नोंद त्याबरोबर करा. तुमच्या नोंदी वर्गात वाचून दाखवा.